अप्पांचं कासव आणि पिवळा बल्ब

त्या हिवाळ्यात लातूरच्या गंजगोलाई बाजारातला एकही बल्बवाला मी भांडल्याशिवाय सोडला नाही. माझ्या तोंडाची ख्याती आमच्या गल्लीत आधीपासून आहेच. ती बाजारापर्यंत पोचली एका कासवामुळे.

मला साठ वॅटचा पिवळा बल्ब हवा असायचा. जुना, तारेचा, पेटल्यावर हात जवळ नेला की चटका बसेल असा. आता जिथं तिथं पांढरे एलईडी झालेत, त्यामुळं दुकानदार माळ्यावर चढून, खोके सरकवून, धूळ झटकून तो काढून द्यायचा आणि विचारायचा, कोंबड्या पाळल्या का ताई? मी म्हणायचे, कासव. मग तो दोनदा माझ्याकडं बघायचा आणि पैसे घ्यायचा. पाच-सहा दिवसांत बल्ब फुटायचा की मी परत त्याच्या दारात. खराब माल विकता, गिऱ्हाइकाला येडं समजता, असं काय काय मी त्याला ऐकवलं. तो बिचारा म्हणायचा, ताई, कोंबड्यावाले न्हेतात, त्यांचे वर्षभर टिकतात. मी दुकान बदललं. बल्ब तिथलाही फुटला.

कासव लेकीचं. दहावीच्या परीक्षेनंतर तिनं हट्टानं आणलं तेव्हा ते बशीत मावायचं. परदेशी जातीचं, कानापाशी लाल पट्टा. आपल्या नदीतलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हे चालतं, असं तिनंच मला बजावून सांगितलं होतं. पुढं ते ताटाएवढं झालं आणि लेक शिकायला पुण्याला गेली. जाताना कपड्यांच्या बॅगेपेक्षा तिला काचेच्या टाकीचीच फिकीर जास्त. पाणी कोमट राहू दे, बसायच्या दगडावर दिवसभर बल्ब लाव, ते दुसरं काही मागत नाही, एवढं सांगून ती रडतच गाडीत बसली. मी मनात म्हटलं, पोटची पोर जाते आणि पाहुणा माझ्या गळ्यात. तेव्हापासून मी त्याला पाहुणाच म्हणते. दुसरं नाव मी लेकीलाही ठेवू दिलं नाही.

आता त्याचं मागणं एवढंसंच असलं तरी लातूरच्या थंडीत ते पुरवणं काही सोपं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं भिंतीसुद्धा तापतात, त्यामुळं थंडी म्हणजे सकाळी कानाला मफलर बांधला की संपली, अशी आमची समजूत. पण कासवाचं रक्त स्वतः तापत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या आत. अंग गार पडलं की त्याला खाल्लेलं पचत नाही, मग ते खातही नाही, आणि हळूहळू आजारी पडतं. पाण्यासाठी टाकीत काचेची तापती कांडी होती, तिचं काम ती करायची. दगडावरचा पहिला बल्ब आमच्या ह्यांनी लावला तो एलईडी. वीज कमी लागते म्हणे. पाहुणा त्याच्याखाली लग्नातल्या नवरदेवासारखा उजेडात बसून गारठत होता.

मुखेडकडं माझ्या भावाचं कोंबड्यांचं शेड आहे. त्याला फोन केला तेव्हा तो हसून हसून बेजार झाला. पिल्लांना उजेड नाही, ऊब लागते, तसंच ह्याचं असेल, तारेचा बल्ब आण, असं त्यानं सांगितलं. तिथून माझ्या गंजगोलाईच्या वाऱ्या सुरू झाल्या.

आणि इथं आमच्या अप्पांना आणायलाच पाहिजे. अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस. दोन बोटांत कापड धरून, न बघता, सूत कुठलं ते सांगणार. दुकान त्यांनी मुलांच्या हाती दिलं, कारण गुडघे गेले. गुडघ्यांमुळं दुकानापेक्षा मोठी गोष्ट सुटली, ती म्हणजे देऊळ. आम्ही लिंगायत. अप्पा घरी इष्टलिंगाची पूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, आणि मग पायी महादेवाच्या देवळात जायचे. तिथं गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव आहे. आधी त्याच्या पाठीवर पाणी घालायचं, हात टेकवायचा, मग आत जायचं, हा त्यांचा नेम त्यांच्या वडलांपासूनचा. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या आणि तो तुटला. रिक्षानं नेतो म्हटलं तर म्हणाले, देवाकडं काय पार्सल म्हणून जायचं का.

कासव घरात आलं तेव्हा अप्पांनी तोंड वाकडं केलं होतं. मुका जीव पाण्यात डांबायचा कशाला, असं ते चार वेळा म्हणाले. पण लेक गेली, मी सकाळच्या शाळेत शिकवायला, हे दुकानात. दिवसभर घरात अप्पा आणि पाहुणा. दिवाळीनंतर बघते तर अप्पांची खुर्ची टाकीजवळ सरकलेली. दुपारी मी आले की ते त्याच्याशी काहीतरी बोलत असायचे आणि मला बघून गप्प व्हायचे. मला बरं वाटलं. घरात बसून बसून माणूस विरून जातंय अशी धास्ती मला वाटत होती, ती जरा कमी झाली.

बल्ब फुटायचे ते सकाळी, मी नसताना. मी आले की अप्पा सांगायचे, बल्ब गेला, मी काचा उचलल्यात, बटण बंद केलंय. एवढ्या वयात वाकून काचा उचलल्या म्हणून मी त्यांना वर आणि थँक्यू म्हणायचे. तेही माझ्या बाजूनं. आजकालचा मालच तसला, परत कर, सोडू नको त्याला. व्यापाऱ्याचा पाठिंबा मिळाल्यावर मी कशाला कुणाला सोडते. तावातावानं बाजारात जायचे.

दुसरं एक कोडं होतं पाठीवरच्या पांढऱ्या बुरशीचं. रोज दुपारी पाहुण्याच्या पाठीवर राखट पट्टे दिसायचे. जुन्या दात घासायच्या ब्रशनं मी ते घासून काढायचे, दुसऱ्या दिवशी परत हजर. लेकीला फोनवर दाखवलं तर तीही घाबरली.

संक्रांतीच्या आसपास पाहुण्यानं खाणं सोडलं. डोळे मिटलेले, नाकपुडीवर बुडबुडा. पाण्यात सोडलं तर एका बाजूला कलून तरंगायचं, पलीकडची बाजू बुडायची. लेक रोज संध्याकाळी व्हिडिओवर बघायची आणि लगेच फोन ठेवायची. मी जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांचा सगळा हात गाई-म्हशींवर बसलेला. आपल्याला ह्यातलं कमी कळतं असं सांगून त्यांनी आमच्यासमोरच ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लावला आणि विचारून घेतलं. त्यांचं हे मला फार आवडलं. फुप्फुसाला थंडी लागली आहे म्हणाले. सुई दिली. पण सुईपेक्षा ऊब महत्त्वाची, अंग गार राहिलं तर औषध अंगी लागणार नाही, पाणी आणि दगड दोन्ही दिवसभर उबदार पाहिजेत, एक दिवसही खंड नको, असं बजावून गेले. शेजारीण म्हणाली, नांदेडला जाऊन गोदावरीत सोडून या, पुण्य लागेल. मी तिला विचारलं, आजारी माणसाला तुम्ही नदीत सोडता का?

मग एके दिवशी शाळेला सुट्टी होती. सवयीनं पहाटेच डोळा उघडला होता, पण पडून राहिले आणि शाळेची वेळ होऊन गेल्यावर चहा टाकायला उठले. हॉलमध्ये अप्पा होते. अंघोळ झालेली, अंगावर धाबळी, कपाळाला विभूतीचे पट्टे. हातात तांब्याची कळशी. ती रोज संध्याकाळी ते स्वतः भरून अंगणात उघड्यावर ठेवायचे, देवाचं पाणी म्हणून तिला कुणी शिवायचं नाही, हे आम्हाला माहीत होतं. ते पाणी जातं कुठं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

अप्पांनी आधी भिंतीवरची बटणं बंद केली. पाणी आणि वीज एकत्र नको, एवढी काळजी त्यांना होती. कांडी बंद, बल्ब बंद. पाहुणा दगडावर होता, रात्रभराची ऊब धरून, मान आत ओढून. अप्पांनी त्याच्या पाठीवर बोटांनी विभूती ओढली, बेलाचं पान ठेवलं आणि नमः शिवाय म्हणत रात्रभर अंगणात गारठलेलं पाणी त्याच्यावर बारीक धारेनं सोडलं. कासवानं चारी पाय आत घेतले. पाण्याचे शिंतोडे अजून तापलेल्या बल्बवर उडाले आणि बल्ब फट्ट करून तडकला. अप्पांनी पाठीला हात लावून तो कपाळाला टेकवला. मग कागद घेऊन शांतपणे काचा गोळा करायला लागले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी मुलांना किती वर्षं शिकवतेय. त्या दिवशी ती मला कळली. कासव दगडावर चढायचं ते अंग तापवायला, तिथंच त्याच्यावर रोज गार धार पडत होती. बल्ब फुटला त्या दिवशी बटणं मग मी दुपारी येईपर्यंत बंदच. आणि मी बुरशी म्हणून घासत होते ती सासऱ्यांची विभूती.

राग कुठल्या कुठं पळाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते वाईट होतं. सांगितलं नाही तर कासव मरणार. सांगितलं तर अप्पांकडं दुसरं होतं तरी काय? देऊळ सुटल्यावर त्यांनी घरातल्या घरात देवाच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची एक वाट शोधली होती, आणि ती मी बंद करणार होते. मी आधी कांडीचं बटण चालू केलं. मग कळशीत उरलेलं थोडं पाणी त्यांच्या मनगटावर ओतलं. त्यांनी झटकन हात मागं घेतला.

देवाला कधी थंडी वाजते का, असं त्यांनी मला विचारलं. रागावून नव्हे, खरंच विचारलं.

"अप्पा, देवळातला दगडाचा हाय," मी म्हटलं. "ह्यो जिता हाय. ह्याला वाजती."

मी बल्बचं, बटणांचं, सुईचं, डॉक्टर काय म्हणाले त्याचं, सगळं हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजात बोलायची मला सवय नाही, ते त्यांनाही माहीत होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मंग मी इतके दिस काय करायलो होतो, पोरी?" आणि काचांचा कागद माझ्या हातात देऊन खोलीत गेले.

त्या दिवसापासून घरात अन्न टाकलेले दोघं झाले. पाहुणा खाईना, अप्पाही अर्ध्या भाकरीवरून उठायचे. टाकीकडं फिरकेनात. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून परत खोलीत नेली. ह्यांनी समजावलं, मी समजावलं, लेकीनं फोनवर सांगितलं की अप्पा, मला अजिबात राग नाही. ते हाव हाव म्हणत मान डोलवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. कासव गेलं असतं तर हा माणूस परत उभा राहिला नसता, असं मला आजही वाटतं. त्या दिवसांत मी पाहुण्यासाठी नवस बोलले. कुणाला सांगितलं नाही.

भाऊ आला तो रविवारी, मुखेडच्या एसटीनं, काखेत पिल्लांच्या शेडमधली पत्र्याची छत्री घेऊन. उलट्या पातेल्यासारखी असते, आत बल्ब, वर साखळी. साखळी ओढली की छत्री वर जाते, सोडली की खाली येते. त्यानं ती छताच्या हुकाला टांगली, पाण्यात थर्मामीटर लावला आणि मला पिल्लांची गोष्ट सांगितली. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवली म्हणजे गार आहे, दूर पांगली म्हणजे जास्त झालं, मोकळी पसरून झोपली म्हणजे बरोबर. काटा काय दाखवतो ते बघायचं, पण शेवटी जीव काय सांगतो ते ऐकायचं.

"आक्का, छत्री टांगून भागत न्हाई," तो म्हणाला. "तिच्याजवळ बसून बघणारं माणूस लागतंय. सकाळपासून सांजेपर्यंत."

मी शाळेचा विचार करत होते, हे दुकानाचा. तेवढ्यात आतून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अप्पा खुर्ची ढकलत, तिच्याच आधारानं चालत बाहेर आले आणि ती टाकीसमोर लावली.

"मी बसतो," ते म्हणाले. "मला दुसरं कोणतं काम हाय?"

आणि बसले. मी माझ्या नोकरीत एवढी हजेरी कधी लावली नाही. सकाळी पूजा झाली की आधी पाण्यात मनगट. थर्मामीटर नंतर. दोन्ही जुळले की खूश. ज्या बोटांनी त्यांनी जन्मभर कापड पारखलं, ती आता कोमट आणि गरम ह्यांच्यामधलं पाणी पारखायला लागली. कासव दगडाच्या कडेला सरकलं तर छत्री एक कडी वर, बल्बखाली येऊन अंग चोरून बसलं तर एक कडी खाली. डॉक्टर सुई द्यायला आले की अप्पा त्यांना कालचा सगळा हवाल सांगायचे, गिऱ्हाइकाला कापडाचं ठाण दाखवावं तसा, उलगडून.

एकदा दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असा मेसेज आला. मी शाळेत, जीव टांगणीला. मधल्या सुट्टीत फोन केला तर अप्पा उचलेनात. मी धावत घरी आले. टाकीला त्यांची स्वतःची धाबळी गुंडाळलेली. पाण्यात कोमट पाण्यानं भरलेल्या बाटल्या तरंगत होत्या, आणि गॅसवर पुढच्या बाटल्यांचं पाणी. एकदम गरम टाकलं तर त्याला दणका बसतो, हळूहळू चढवायचं, असं त्यांनी मलाच शिकवलं. धाबळीशिवाय बसले होते आणि हात थंडीनं लाल झाले होते. मी त्यांना ओरडले. ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पाहुण्यानं आधी डोळे उघडले. मग बुडबुडा थांबला. मग पाण्यात सरळ पोहायला लागला. आणि एका दुपारी मी दार उघडलं तर अप्पांनी तोंडावर बोट ठेवलं. पाहुणा छत्रीखाली दगडावर मान लांब ताणून, मागचे दोन्ही पाय हवेत पसरून पडला होता, बोट न् बोट फाकवून, उन्हात पडलेल्या निवृत्त हेडमास्तरासारखा. अप्पांनी त्याच्यापुढं पालकाचं पान धरलं. त्यानं बघितलं, विचार केला आणि फाडून खाल्लं. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. लेकीला व्हिडिओ लावला तर तिकडं हॉस्टेलच्या जिन्यात ती मोठ्यानं रडली. त्या रात्री अप्पा दोन भाकरी जेवले.

पहिल्या बल्बवाल्याकडं मी गेले आणि त्याला झाली गोष्ट सांगितली. त्यानं चहा पाजला आणि दुकान बदलल्याबद्दल जरा सुनावलंही. ऐकून घेतलं.

शिवरात्रीला अप्पा स्वतःहून म्हणाले, देवळात जायचं. रिक्षानं जायचं का, मी घाबरत विचारलं. आता पार्सल म्हणून गेलं तरी चालतंय, म्हणाले. एका बाजूनं हे, एका बाजूनं मी, असं करत पायऱ्या चढलो. जत्रेची गर्दी, रांग रस्त्यापर्यंत. गाभाऱ्यासमोर पोचलो तेव्हा दगडी कासवावर सकाळपासूनचं पाणी वाहत होतं, बेलाची पानं चिकटली होती. अप्पा कसेबसे वाकले आणि त्यांनी पाठीवर तळहात ठेवला.

तो त्यांनी उचललाच नाही. कपाळाला लावायचा असतो, पण हात तिथंच. मला वाटलं गुडघा धरला. मी खाली वाकले. त्यांनी आपला दुसरा हातही पहिल्याच्या शेजारी ठेवला होता आणि दोन्ही तळव्यांनी ती ओली पाठ झाकली होती.

"लई गार हाय गं," ते मला म्हणाले.

मागून धक्के सुरू झाले. चला बाबा, पुढं चला, किती वेळ, असं कुणी कुणी म्हणायला लागलं. मी सरळ उभी राहिले, पदर खोचला आणि सगळ्या रांगेकडं तोंड करून, माझ्या नेहमीच्या आवाजात, त्यांना जरा थांबायला सांगितलं.